सासुरवाडीत सेफ्टी बूट

माझ्या हाताच्या प्लास्टरले हसून राहिले ना, मंग ऐका.

मोटरसायकलवर घालायचे बूट घ्यायले सक्करदऱ्यात गेलो. दुकानदार म्हणे, "साहेब, आराम पाहिजे का सेफ्टी?"

म्हटलं, "सेफ्टी. आराम तं मी ऑफिसात करतोच."

त्यानं पोटरीपर्यंत उंच, चार-चार बकलांचे बूट दिले. ते चढवून पारशिवनीले, सासुरवाडीत गेलो. रस्ताभर अंगावर एक खरोच नाही.

दारात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "जावईबापू, पाय धुऊन घ्या."

बकलं सोडली, पण उन्हानं पाय सुजलेले, बूट काही निघेना. मी ओसरीच्या काठावर एका पायावर उभा, दुसरा पाय साळ्याच्या हातात. त्यानं जीव खाऊन ओढला. बूट त्याच्याकडे राहिला आन् मी खाली अंगणात.

डॉक्टरनं विचारलं, "गाडीवरून पडले काय?"

सासूबाई म्हणाल्या, "गाडीवरून काहून पडतीन? पाय धुताना पडले."

साळा सोता रबरी चपलेवर गाडी चालवते. माझे पाय निरखून म्हणे, "पण भाऊजी, बूट एक नंबर हाय. पायाले काहीच नाही झालं."