पाहुणे शिजवण्याची रजा

बहिणीच्या लग्नाला मला रजा कशी मिळाली, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं.

मी नवापूरच्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवतो. आमच्या मुख्याध्यापिका मॅडमना रजेचा अर्ज इंग्रजीतच लागतो. मला रजा हवी होती पाहुण्यांचं स्वागत करायला आणि स्वयंपाक करायला. म्हणून लिहिलं, 'टू वेलकम द गेस्ट्स अँड टू कुक.' खात्रीसाठी इंग्रजीच्या पाटील सरांना दाखवलं. सर शहाद्याकडचे, अहिराणीत बोलणारे. म्हणाले, "दोनदा टू कसाले लिखस? मधमा अँड शे ना. दुसरा टू काढी टाक, दोन्ही कामं जवळ आण."

मधे अँड आहेच, म्हणून मी दुसरा टू काढला, दोन्ही कामं शेजारी आणली आणि अर्ज देऊन वर्गावर गेलो.

पाचच मिनिटांत मॅडमचं बोलावणं आलं.

"सर, लग्नाला पाहुणे किती येणार?"

"दोनशे तरी येतील मॅडम."

"आणि त्या सगळ्यांना शिजवणार?"

"हो मॅडम. त्यासाठी मोठी पातेली सांगून ठेवलीत."

मॅडमनी अर्ज माझ्याकडे फिरवला. 'टू वेलकम अँड कुक द गेस्ट्स.' म्हणजे आधी पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि मग पाहुणेच शिजवायचे. बहिणीचं लग्न आता फोटोतच बघायचं, असं वाटलं.

मॅडमनी शांतपणे सही केली.

"रजा घ्या," त्या म्हणाल्या, "फक्त मला लग्नाला बोलावू नका."