रिकाम्या खोबणीची मोजणी

—नाही हो भावोजी, लेक तुमची असली तरी चिमणीला इतक्यात नका नेऊ, ताई गेल्यापासून आईला तिचाच आधार आहे. बसा इथेच प्रयोगशाळेत, चहा घ्या. हा आवाज? किरणं मोजायचं यंत्र आहे आमचं — अगंबाई! — बघा, रोज ऐकते तरी दचकते, पुढचा अणू कधी फुटेल नि ठोका कधी पडेल कुणाला ठाऊक? आमचे सर म्हणतात, अणूला फुटायला कारण लागतच नाही. मॅडम म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. दोघं डबा खाताना भांडतात, आणि निकाल? डबे धुतले तरी लागत नाही. तुमचं बरंय, तुम्ही दोन्हीकडून बोलता. ताई जिन्यावरून पडली तेव्हा म्हणालात, "पाय घसरला, योगायोग." आई रडायला लागली तर म्हणालात, "व्हायचं ते चुकत नाही." योगायोग धरा नाहीतर ठरलेलं धरा, ढकलणारा हात दोन्हीत नाहीच! किती सोयीचं.

हसताय काय? मी कुठे काय म्हणतेय. एका ठोक्यावरून काही कळत नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. आधी किरणांचा स्रोत बाजूला ठेवायचा आणि रिकाम्या खोबणीची मोजणी घ्यायची — इकडचेतिकडचे ठोके तेव्हाही पडतातच — मग स्रोत ठेवून पुन्हा मोजायचं. फरक दिसतो, बस. म्हणून मी आपलं सहज — तुम्ही महिनामहिना फिरतीवर असायचात ना, तेव्हा ताईचं कधी मनगट मुरगळलं नाही, भुवई फुटली नाही. एकदाही नाही हो. तुम्ही घरी आलात की मात्र —

कप हळू ठेवा ना! मी कुणाला काही बोलले नाहीये, शप्पथ, आईलासुद्धा नाही. आणि बोलून काय होणार? मोजणी म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मलाही कळतं. डोळ्यांनी पाहणारं माणूस लागतं. चिमणी तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी नसती तर मीसुद्धा योगायोगच —

म्हणजे — पाच वर्षांचं पोर ते, ते काय पाहणार? झोपेत काहीबाही बडबडतं. शाळेत? नाही, आज घरीच आहे, तापलीय जरा, आई आत्ता औषध आणायला गेली असेल, म्हणजे ती एकटीच —

भावोजी, चहा राहिला तुमचा. भावोजी, थांबा, मी पण येते — बाहेरून कडी का लावताय? भावोजी!