डाव्या हाताने पाडलेले आटे

समारंभाचे अध्यक्ष माननीय आबाराव खरात, मुख्याध्यापिका शीतल वायाळ मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती तृप्ती म्हस्के मॅडम, आणि जाफराबादचे ऊन सोसून या सभागृहात जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, विद्यार्थ्यांनो,

मी तातेराव पडूळ. याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. पक्षाघाताने माझी उजवी बाजू गेली, तेव्हापासून जीभही जड झाली आहे. शब्द अडला तर थांबा, येईल तो.

तृप्ती मॅडम विज्ञान कसे शिकवतात, हे आधीचे वक्ते सांगून गेले. आता बदली वाटूरला झाली, तिथल्या मुलांचे नशीब. मला बोलायचे आहे ते माझ्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीतल्या लेथ मशीनबद्दल. अध्यक्ष महाराज हसताहेत. इतिहासाच्या मास्तरला लेथ कशाला, असे अर्धे गाव विचारायचे. छंद हो, दुसरे काय? कुणी भजनाला बसते, मी लोखंड सोलत बसायचो.

उजवा हात गेला, तसा छंदही गेला. बोल्टवर आटे पाडायचे तर हत्यार एकाच खोबणीतून पुन्हा पुन्हा न्यावे लागते. दर कटाला एका हाताने नेमक्या वेळी हत्याराचा गाडा चालू करणारी दांडी पाडायची आणि शेवटाला दुसऱ्या हाताने हत्यार झटकन मागे घ्यायचे. दोन हात लागतात. मला एकच उरला, तोही डावा. आमच्या हरिओमने, म्हणजे मुलाने, मशीनला गिऱ्हाईक पाहिले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, बाप मशीनमध्ये अडकेल अशी त्याला धास्ती. पण मशीन गेले की मी पुन्हा अंथरुणातून उठणार नाही, असे मला वाटत होते. हे घरात कुणाला सांगितले नव्हते, आज सांगतो.

अशात तृप्ती मॅडम भेटायला आल्या. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "सर, दुसऱ्या हाताचं काम मोटारीला करू द्या की."

मशीनचा मुख्य दांडा म्हणजे स्पिंडल. तो किती फिरला, हे एन्कोडर नावाचा मुठीएवढा डबा तारेतून हिशोब ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला सांगत राहतो आणि त्या हिशोबाने एक छोटी मोटार हत्यार पुढे नेते. डाव्या हाताने हत्यार मागे घ्यायचे, एवढेच माझ्याकडे. पण एन्कोडर कोणता घ्यायचा? मी म्हणालो, एका फेऱ्यात सगळ्यात जास्त पल्स, म्हणजे मोजणीचे ठोके, देणारा घ्या. मोठा आकडा दिसला की कुणाला सुटतो? मॅडम म्हणाल्या, "एवढं मोजणं आपल्या बोर्डाला झेपलं पाह्यजे ना सर. मधले निसटले तर आटे बिघडतेत."

मग बेताचा, सहाशे पल्सचा आणला. तो मशीन फिरवणाऱ्या मोठ्या मोटारीला लावला नाही. त्या मोटारीचा पट्टा घसरला तर आकडा खोटा येतो, म्हणून दात्यांच्या पट्ट्याने थेट स्पिंडलला जोडला. तीन कट असे देखणे पडले की मी बघतच राहिलो. चौथ्याला लाईट गेली.

लाईट आली, मशीन चालू केले आणि हत्यार भलत्याच जागी शिरले. पाडलेले आटे कापून निघाले. आमचा एन्कोडर फिरणे मोजत होता, पण फेरा कुठून सुरू होतो याची खूण त्याच्यात नव्हती. वीज गेली की बोर्ड सगळे विसरायचा. आमच्या मंडळी, गोपिकाबाई, दारातून म्हणाल्या, "लाईट गेल्ती तर इसरलं का हे? मंग तुमच्यात न् त्याच्यात फरक काय?" मी तेव्हा माणसांची नावे विसरत असे. टोमणा बराबर बसला. मी बोल्ट फेकला आणि हरिओमला फोन लावायला सांगितले, की गिऱ्हाईक पाठव.

मॅडमनी बोल्ट उचलला. म्हणाल्या, "फोन राहू द्या सर. चूक माझी हाय. आपल्याकडं लाईट जाणारच, ते धरूनच निवडायला पाह्यजे होता. फेऱ्यात एकदा खूण देणारा आणू."

तो आला, बसवला. दर वेळी गाडा एका पक्क्या ठोकळ्याला टेकवायचा, स्पिंडलने खूण दिली की निघायचे. आटे निम्मे पडले असताना मॅडमनी मुद्दाम मेन स्विच पाडला. मी ओरडलोच त्यांच्यावर. त्यांनी शांतपणे पुन्हा चालू केला, गाडा ठोकळ्याला टेकवला. हत्यार निघाले ते जुन्याच खोबणीत शिरले, बिलकुल सरळ. मी रडलो हो. मास्तरने सभेत असे सांगू नये, पण रडलो. हरिओमचे गिऱ्हाईक आले नाही. या काठीचे पितळी बूड पाहा, त्याचे आटे माझ्या या हाताने पाडलेले आहेत.

आता शेवटचे. सत्कार माझ्या हस्ते होणार, असे पत्रिकेत छापले आहे. मी शीतल मॅडमना नाही म्हणालो होतो. शाल पांघरवायला दोन हात लागतात आणि डाव्या हाताने नारळ देणे आपल्याकडे वाईट समजतात. आजारपणापासून मी कुठल्या लग्नात आहेर दिला नाही, कुणाच्या हातावर साखर ठेवली नाही, ते याच लाजेपायी. तृप्ती मॅडमचा निरोप आला, "सरांच्या हातून नसंल तर मला सत्कार नको."

तेव्हा शाल गोपिकाबाई पांघरवतील. संयोजकांनी मला उभे केले, आपण माझे जड बोलणे सोसले, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झाले असेल ते पोटात घाला. नारळ मात्र मी देणार, डाव्या हाताने देणार, आणि त्याची माफी मागणार नाही. काठी जरा टेबलाला टेकवतो.

तृप्ती, बेटा, ये पुढे.