शिळं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावाचे नगराध्यक्ष. व्यासपीठावर उपस्थित असलेले पाणी योजनेचे मुख्य अभियंता साहेब. ज्यांच्यासाठी आपण कामधंदा बाजूला ठेवून जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या पर्यावरण अधिकारी मॅडम. नागरिक पाणी समितीतले माझे सहकारी. समोर बसलेल्या भगिनींनो, बंधूंनो, आणि कोणत्या खुर्चीवर पंख्याचं वारं लागतं हे ओळखून सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला उभं केलं ते मी समितीचा चिटणीस आहे म्हणून. चौकातलं औषधांचं दुकान माझं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून माझी जीभ सैल झाली आहे, असं आमच्या घरातलं मत आहे, आणि घरातल्या मताविरुद्ध मी सहसा जात नाही. मॅडमविषयी चार शब्द बोलायचे आहेत. चाराचे चाळीस झाले तर सांभाळून घ्या.

मॅडमचं काम नेमकं काय, हे आपल्यापैकी किती जणांना पहिल्या वर्षी कळलं होतं? मला तरी नाही. गावात नवीन नळयोजना येणार, तर तिचे जमिनीवर, ओढ्यावर, माणसांच्या आरोग्यावर काय परिणाम होतील ते आधी अजमावायचं, आणि योजना झाल्यावर ते खरोखर काय झाले ते तपासायचं, हे त्यांचं काम. आम्ही म्हणायचो, पाणी आणायचं तर नळ टाका, त्यात परिणाम कसले बघायचे? तहानलेल्याला कुणी विचारतं का, की बाबा रे, प्यायल्यावर तुझं पुढे काय होईल?

आपल्या गावचे जुने दिवस नव्या सुनांना ठाऊक नसतील म्हणून सांगतो. नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीने. कधी एक दिवसाआड, कधी आठवडा कोरडा. पाणी आलं अशी हाक ऐकू आली की चुलीवरचं चुलीवर टाकून बायका धावायच्या. पिंपं, हंडे, बादल्या, पातेली, अगदी लेकराचं खेळण्यातलं टमरेलसुद्धा भरून ठेवायचं. आणि नवीन पाणी आलं की जुनं ओतून द्यायचं, कारण ते शिळं. शिळं पाणी पाहुण्याला द्यायचं नाही, देणाऱ्याची लाज जाते. ही आपल्या घराघरांतली रीत. तिच्यात वाईट काही नव्हतं, कारण ओतायला उरायचंच मुळी तांब्याभर.

मग योजनेची जनसुनावणी झाली, याच सभागृहात. मॅडम तेव्हा नवीन होत्या. सगळ्यांनी मागण्या मांडल्या, आणि शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला. एवढं पाणी गावात येणार, ते वापरून झाल्यावर जाणार कुठे? तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझी थोरली बहीण उठली. आम्ही तिला आक्का म्हणतो, पण खरं तर सगळं गावच म्हणतं. ती खालच्या आळीत राहते. म्हणजे, राहायची. आक्का म्हणाली, "बाई, आधी येऊ तर द्या. जायचं मग बघू."

काय हशा पिकला होता, आठवतं ना? टाळ्यासुद्धा पडल्या. मॅडमही हसल्या. पण त्यांनी आपल्या अहवालात लिहिलं की गावाचा सगळा उतार खालच्या आळीकडे आहे, तिथली घरं मातीत बांधलेल्या विटांची आहेत, तेव्हा आधी निचऱ्याची मोठी गटारं बांधावीत आणि मग नळ सोडावेत. वरच्या कचेरीत सगळ्यांनी मान्य केलं. मान्य करून गटारं दुसऱ्या टप्प्यात ढकलली. साहेब, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही किती खेटे घातलेत, ते मी पाहिलं आहे.

नळ सुटले तो दिवस मी विसरणार नाही. चोवीस तास पाणी. आक्काने नळ उघडून नुसता हात धरला होता खाली. मी म्हटलं, बंद कर, वाया जातंय. ती म्हणाली, थांब रे जरा, अजून ऐकायचंय. पाण्यासाठी जिचं आयुष्य रांगेत गेलं, तिला मी काय शिकवणार? मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता, हे आज मुद्दाम सांगतो.

पण थोड्याच दिवसांत दोन गोष्टी झाल्या. खालच्या आळीत गटारं तुंबून पाणी अंगणात येऊ लागलं, आणि इकडे साहेबांचा हिशेब जुळेना. टाकीतून पाणी जायचं अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. माणसं तर तेवढीच. मग गळती असणारच, असं ठरलं. झालं, खोदाई सुरू. नव्याकोऱ्या रस्त्यांना खड्डे पडले. माझ्या दुकानासमोर असा चर खणला, की औषधाला आलेलं गिऱ्हाईक पाय मुरगळून दुसरं औषध घेऊन जायचं. माझा धंदा बरा झाला. गळती मात्र सापडली नाही.

तेव्हा मॅडमनी एक केलं. भल्या सकाळी खालच्या आळीच्या तोंडाशी, मोठ्या नालीच्या काठावर, जाऊन उभ्या राहू लागल्या. रोज. नाकाला पदर. आपण गावकरी नावं ठेवण्यात पटाईत. त्यांचं नाव पडलं गटारबाई. मॅडम, तुम्हाला ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक आहे. तर या गटारबाईंनी पाहिलं, की दिवसभर नाली बेताने वाहते, आणि सकाळी एका ठरावीक वेळी एकाएकी लोंढा येतो. स्वच्छ पाण्याचा. ना साबण, ना खरकटं.

लोंढ्याचा माग काढत मॅडम उलट्या दिशेने चढत चढत थेट आमच्या मागच्या दाराशी आल्या. आमची मंडळी पिंप आडवं करून पाणी ओतत होती. शेजारीणही ओततच होती. त्यांच्या पलीकडचीही. मॅडमनी विचारलं, हे काय करताय? आमच्या मंडळींना प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, शिळं आहे हो, कालचं.

नळाला चोवीस तास पाणी असताना अख्खं गाव रोज रात्रीच्या आत घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवत होतं, आणि रोज सकाळी भांडं न् भांडं ओतून देत होतं. वरच्या आळीतलं, मधल्या आळीतलं, चौकातलं, सगळं शिळं पाणी एकाच वेळी निघायचं आणि खालच्या आळीत जाऊन बसायचं. माणसाला पाणी किती लागतं याची कोष्टकं असतात म्हणे मोठ्या कचेऱ्यांत. भीतीला किती लागतं, हे त्यांत कुठून असणार?

मग मॅडम घरोघर सांगत फिरल्या. पाणी एका दिवसात शिळं होत नाही, भरूच नका, भरलंत तर वापरा. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं. सकाळी लोंढा तेवढाच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. आमचे घडे तर चांगले सुलटे होते, काठोकाठ भरलेले, तरी उपयोग शून्य.

आक्काच्या घरी त्या गेल्या तेव्हा मी तिथे होतो. भिंतींना कमरेइतकी ओल चढली होती, जमिनीवर पोती अंथरली होती, आणि त्या पोत्यांवर आक्काचे हंडे ओळीने भरलेले. मॅडम कळवळून म्हणाल्या, आक्का, निदान तुम्ही तरी! आक्काने उलट विचारलं, "उद्या नळाला पाणी येईल, हे तुम्ही लिहून देता का?" मॅडमच्या जागी मी असतो तर ठोकून दिलं असतं, हो देतो म्हणून. दुकानदार माणूस. त्यांना ते जमलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी आणि साहेबांनी मिळून ठरवलं, की काही दिवस पाणी ठरावीक तासच सोडून पाहू, म्हणजे लोंढा ओसरेल. हेतू किती चांगला! पण दुधाने तोंड पोळलेली माणसं आपण, ताकही फुंकून पिणारी. नळ बंद दिसला मात्र, गावाची खात्री पटली की जुने दिवस परत आले. बाजारात पिंपं मिळेनाशी झाली. ज्या घरात दोन हंडे भरत होते तिथे चार भरू लागले, आणि सकाळी चारही ओतू लागले. खालच्या आळीत अंगणातलं पाणी उंबऱ्याच्या आत गेलं. आणि तरी पाणी पूर्ववत सोडा म्हणून साहेबांच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यात सगळ्यांत पुढे कोण होतं? खालची आळी. घरात घोटाभर पाणी असलेली माणसं पाण्यासाठी घोषणा देत होती. आक्काचा आवाज मला लांबून ओळखू आला.

आता सांगा, राग कुणावर धरायचा? मी पुष्कळ प्रयत्न केला. साहेबांवर धरून पाहिला, वरच्या कचेरीवर धरून पाहिला, आमच्या मंडळींवर धरला तेव्हा जेवण उशिरा मिळालं. पाणी दिलं तर घरं बुडतात, आवळलं तर जास्त बुडतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गटारं बांधणं हाच काय तो इलाज, आणि दुसरा टप्पा मंजूर नाही. उलट, नळ घरोघर पोचले, तेव्हा योजना पूर्ण झाली असं वरून जाहीर झालं. योजना पूर्ण, तर तपासायचं काय उरलं? म्हणून मॅडमची जागाच रद्द झाली. आजचा निरोप आहे तो असा. त्यांच्या जागी दुसरं कुणी येणार नाही.

गेल्या पंधरवड्यात आक्काची मागची भिंत बसली. कोसळली असं म्हणवत नाही, आवाजसुद्धा झाला नाही. भिजत भिजत खाली बसली, थकलेलं माणूस बसतं तशी. नशिबाने आक्का पुढच्या खोलीत होती. मी तिला आमच्याकडे वर घेऊन आलो. ती यायला तयार नव्हती. भावजयीच्या संसारात पाहुणी म्हणून किती दिवस राहू, म्हणत होती. हट्टाने आणली.

काल सकाळी मॅडम आमच्या घरी निरोप घ्यायला आल्या. आम्ही बोलत असताना आक्का स्वयंपाकघरातून हंडा कमरेवर घेऊन निघाली आणि मागच्या दारात जाऊन थबकली. समोर आमची नाली. जन्मभर ती या नालीच्या खालच्या टोकाला राहिली, वरच्या टोकाला हंडा घेऊन उभी राहिली ती आत्ता. तिथून खालची आळी दिसते. तिचं छप्परही दिसतं.

मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, आक्का, चांगलं पाणी आहे ते, राहू द्या ना. आक्का म्हणाली, "मला पटतं हो. हाताला पटत नाही."

तुम्ही म्हणाल, झाडाला घालायचं. आमच्या मागच्या दारी एकच झाड होतं, ते सगळ्यांनी पाणी घालून घालून कुजवलं. आक्का बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला आता भरला हंडा फार वेळ पेलवत नाही. मग तिने तो कलता केला आणि ओतला. पण नेहमीसारखा भडाभडा नाही. अगदी बारीक धार धरून, थांबून थांबून, सावकाश ओतत राहिली, म्हणजे खाली पोचेल ते जरा कमी पोचेल. मॅडम तिच्या शेजारी, हंडा रिकामा होईपर्यंत, उभ्या होत्या. मी आत येऊन बसलो. मला बघवलं नाही.

मॅडम, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला उमगत नाही. काम तडीस गेलं, असं म्हटलं तर तुम्हालाच ते आवडणार नाही. तुम्ही आमच्या गटारापाशी उभ्या राहिलात आणि आमच्यावर कधी चिडला नाहीत, त्याबद्दल या गावाच्या वतीने हात जोडतो. जिथे जाल तिथे सुखात राहा. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, खुर्च्या-पडद्यापासून ध्वनिक्षेपकापर्यंत ज्यांनी राबून हा समारंभ उभा केला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

माझ्या बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आक्का आज आलेली नाही. तिला म्हटलं, चल, मॅडमचा सत्कार आहे. ती म्हणाली, नको. पण मी निघताना तिने मला थांबवून सांगितलं, की खालच्या आळीतली मंडळी सभागृहात असतील, त्यांना माझ्या वतीने सांग, मी आता वर राहते, मला माफ करा.