फाटकाबाहेरचा विद्यार्थी

आबा : अहो बाई, यंदा सुनेला जुळं झालं नसतं, तर मी तुमच्या शाळेची पायरी चढलो असतो का?

बाई : आणि यंदाच ही साथ आली नसती, तर मी तुम्हाला फाटकावर अडवलं असतं का? पाय मागे घ्या, आबा. तिथूनच बोला.

आबा : तिथूनच बोलायला मी काय भंगारवाला आहे? घरात कुणाला सवड नाही म्हणून चिमीला पोचवायला यायचो, कट्ट्यावर बसून पेंगायचो. 'पेंगायचंच आहे तर वर्गात येऊन पेंगा', हे कोण म्हणालं?

बाई : मीच म्हणाले. आता हुकूम आलाय, साठीच्या पुढच्यांनी गर्दीत यायचं नाही.

आबा : आणि पोरांनी यायचं?

बाई : त्यांचं ठरायचंय. शाळा चालू ठेवायची की बंद, ते कचेरीने ज्या त्या शाळेला विचारलंय. मुख्य बाई म्हणून मला संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे.

आबा : मग बंद करून टाका!

चिमी : आबा!

आबा : तू गप. बाई, उद्यापासून तुम्ही जोडाक्षरं घेणार. मी घरी बसणार आणि ही जोडाक्षरं शिकणार. आताच मला ढ म्हणते, उद्या डोक्यावर मिरे वाटेल.

चिमी : ढ म्हणजे ढ. परवा 'घर'ला 'धर' वाचलंत.

आबा : बघा! ऐकलंत?

बाई : म्हणजे तुमची गाडी अडली, म्हणून सगळ्यांच्या चाकांत काठी?

आबा : बाई, उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी. कागद समोर धरायचा आणि चित्रासारखं अक्षर काढायचं. तुमच्या दारावरची पाटीसुद्धा माझीच. कागद उलटा धरून बसलो होतो, शिपायाने सरळ केला म्हणून शाळेची अब्रू वाचली. आता कुठे साधी अक्षरं माझ्याशी बोलायला लागलीत. मरायच्या आधी एक पाटी वाचून रंगवायची आहे. एकच.

बाई : म्हणूनच मी 'चालू ठेवा' असं कळवणार आहे. पोरं घरी बसली की पोरी परत येत नाहीत, आबा. कुणी भांड्यांना जुंपतं, कुणी भावंडांना.

चिमी : मला नाही बसायचं जुळ्यांपाशी. एकाला गप्प केलं की दुसरं सुरू होतं.

आबा : बरं बाई, एक विचारतो. तुमचं वय काय हो?

बाई : बाईमाणसाला वय विचारतात का?

आबा : म्हणजे साठीच्या पुढे! मग तुम्ही फाटकाच्या आत कशा?

बाई : मी शिकवते. तुम्ही शिकता.

आबा : आजार काय हजेरी घेऊन धरतो माणसाला?

बाई : माझ्या जागेवर यायला कुणी तयार नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? आणि माझा दमा जन्माचा सोबती आहे. तो दुसऱ्या कुणाला बिऱ्हाड करू देणार नाही.

चिमी : बाई, आबांना आत नका घेऊ. मी शिकवीन त्यांना. रोजच शिकवते.

बाई : रोज? कधी गं?

चिमी : घरी गेल्यावर. मांडीवर बसते त्यांच्या. ते डुलक्या काढतात, मग तोंडापाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं.

आबा : शिकवणी कसली, पाऊस असतो नुसता. छत्री धरून शिकायची पाळी आली माझ्यावर.

बाई : चिमे, खिडकीतून वर्गाला विचार बघू. घरी आजी-आजोबांजवळ कोण कोण झोपतं? हात वर करायला सांग.

चिमी : सगळ्यांनी केले, बाई. एकाने दोन्ही केले. त्याच्या एका बाजूला आजी असते, एका बाजूला आजोबा.

बाई : अगं बाई गं. मग मी फाटकावर अडवतेय कुणाला? आबांना इथे थोपवायचं, आणि वर्गातला खोकला चिमीबरोबर त्यांच्या मांडीवर धाडायचा!

आबा : मी काय म्हणतो, बाई...

बाई : ठरलं. 'बंद' असंच कळवते.

आबा : अहो, मी रागाच्या भरात बोललो! आजवर माझं घरात कुणी ऐकलं नाही, तुम्हीच कशा ऐकायला लागलात?

बाई : तुमचं नाही ऐकलं. चिमीचं ऐकलं.

आबा : मग माझी जोडाक्षरं?

चिमी : आणि आई मला जुळ्यांपाशी बसवेल त्याचं काय?

बाई : गळे काढू नका दोघं. माझं घर शाळेच्या समोरच आहे. रोज सकाळी मी खिडकीत धडा लिहून धरीन. आबा, शिडी आणि ब्रश काढा. मी धरीन ते कुंपणाच्या भिंतीवर रंगवायचं, एकेक अक्षर हातभर. पोरं आपापल्या गच्चीवरून वाचतील. चिमे, तू रस्त्याच्या पलीकडून तपासायचं. तुझ्या आईला मी सांगते, तपासनिसाला जुळी सांभाळायला सवड नसते.

आबा : आणि माझ्या चुका?

बाई : अख्ख्या गल्लीला दिसतील. त्याशिवाय तुम्ही सुधारायचे नाही.

(बरेच आठवडे उलटले आहेत. तेच फाटक, अक्षरांनी भरलेली भिंत. आबा शिडीवर, चिमी रस्त्यापलीकडे. बाईंची खिडकी बंद.)

चिमी : आबा, कोपऱ्यावरचा न्हावी विचारतोय, नवा धडा कधी? जुना त्याला पाठ झाला. गिऱ्हाइकाचे केस कापताना म्हणत बसतो.

आबा : कान सांभाळा म्हणावं गिऱ्हाइकांना. बाई दवाखान्यातून आल्या की देतील नवा धडा.

चिमी : कधी येणार त्या?

आबा : येतील गं. सध्या डॉक्टरांना ओळीत उभं करून पाढे म्हणून घेत असतील.

चिमी : मग आज काय रंगवताय?

आबा : शिपायाने कागद दिला. 'एवढं फाटकावरच्या फळ्यावर काढा' म्हणाला आणि वर न बघता चालता झाला. शाळा उघडायचा दिवस असणार.

चिमी : मी येऊन वाचू?

आबा : खबरदार! आज मी वाचणार. एक शब्द वाचायचा, एक रंगवायचा. तू नुसतं तपास. आ... प... ल्या. आपल्या!

चिमी : बरोबर!

आबा : शाळेच्या. हे तर सोपं. मु... मु... मुख्य! जोडाक्षर फोडलं की नाही?

चिमी : फोडलंत!

आबा : बाई. मुख्य बाई. बघ, बाईंचंच काहीतरी आहे. शु... क्र... शुक्रवारी. शुक्रवारी येतायत वाटतं!

चिमी : शुक्रवार कालच झाला, आबा.

आबा : पहाटे.

चिमी : पुढे? आबा, पुढचा शब्द? हात का थांबला?

आबा : चिमे, इकडे ये जरा. रस्ता बघून ये.

चिमी : पलीकडूनच तपासायचं म्हणाल्यात ना बाई?

आबा : रुमाल बांध तोंडाला आणि ये. हा कागद धर. मी चुकीचं वाचलं असणार. ढ आहे मी.

चिमी : काय वाचलंत तुम्ही?

आबा : तू वाच आधी.

चिमी : 'आपल्या शाळेच्या मुख्य बाई शुक्रवारी पहाटे वारल्या.'

आबा : मी पण तेच वाचलं.