चांदीचा उंबरा

गावच्या स्टँडवरून एसटी सुटली. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी हाताला पट्टी बांधलेला साठीचा माणूस.

"संपत न्हवं तू? आन् एसटीत? गाडी कुठाय तुझी?"

"न्हाई आता, आक्का. कोईमतूरला माजं सोनं गाळायचं दुकान जळालं. लोकांचं सोनं भरून देण्यात घर, गाडी, समदं गेलं."

"आगं बाई! आन् माणसं रं?"

"वाचली. माजा हात तेवढा भाजला."

"देवानंच राखलं म्हणायचं."

"मी देवाला कवा मानलं, आक्का? जे हाय ते माज्या मनगटाचं हाय, म्हणायचो."

"मग देवळाचा उंबरा चांदीनं कशाला मढवलास?"

"गावाला दिसावं म्हणून. नाव बी लय मोठं कोरून घेतलं."

"ठावं हाय. रोज त्यालाच हात लावून आत जाते मी."

"आज पयल्यांदाच पाया पडाय गेलो. म्हटलं, देवा, आता तुज्याबिगर कुणी न्हाई. उंबऱ्यावर डोकं टेकलं. डोळं उघडलं तर कपाळाखाली माजंच नाव."

"आरं द्येवा!"

"झटक्यात डोकं वर घेतलं, आक्का."

"मग देवाकडं मागितलंस काय?"

"काय मागू? तसाच उठलो आन् एसटीत येऊन बसलो."

"म्हंजी आत गेलाच न्हाईस?"

"न्हाई, आक्का."

"आरं संपत, उंबऱ्यावरनंच म्हागारी फिरलास?"

"व्हय."

"आवं कंडक्टर, बेल मारा आधी! ह्याला हितंच उतरायचंय!"