शुक्राचा दिवस

सामान्य ज्ञान म्हणजे नुसतं पाठांतर, असं माझ्यासमोर म्हणू नका गड्यांनो. दादा गेला तवापासून आमची वहिनी भरतीच्या परीक्षेची तयारी करून राहिली. परवा कुरुंद्याला अंगणात दोघं हळद निवडत बसलो होतो. हात चालू, अन् मी तिला एकेक प्रश्न विचारून राहिलो होतो.

"लाल ग्रह कोणता?"

"मंगळ."

"सगळ्यात मोठा?"

"गुरू."

"कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?"

वहिनीचा हात थांबला. मला वाटलं, अडली. मीच म्हणलं, "शुक्र, वहिनी. कालच तर वाचलं की."

"ठाऊक हाय, भाऊजी," ती म्हणाली. "हे गेले, तो शुक्रवारच होता. तो दिवस अजून मावळला न्हाई."